हाफ डोम पहिल्यांदाच करताय? परमिटपासून परतीपर्यंत

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये हाफ डोम नावाचा ग्रॅनाइटचा घुमटासारखा डोंगर आहे. त्याचं नाव निघालं की बोलणं दोन मिनिटांत केबल्सवर येतं. शेवटचे ४०० फूट, दोन पोलादी तारा, दोन्ही बाजूंना उतरत जाणारा गुळगुळीत कातळ आणि यूट्यूबवरचे धडकी भरवणारे व्हिडिओ. त्यामुळे नवखा माणूस तयारीही तेवढ्याचीच करतो. हातमोजे आणतो, हार्नेसची (कमरेला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्याची) चौकशी करतो. आणि दुपारी तीन वाजता केबल्स सुखरूप उतरून झाल्यावर पाणी संपलेलं, पोटऱ्यांत गोळे आलेले आणि सात मैल अजून चालायचे बाकी, अशा अवस्थेत एखाद्या झाडाखाली बसलेला दिसतो.

माझ्या मते हाफ डोम हा घड्याळाचा ट्रेक आहे. निघायची वेळ, सबडोमच्या (मुख्य घुमटाच्या आधीच्या खांद्याच्या) पायथ्याशी पोचायची वेळ आणि काहीही झालं तरी मागे फिरायची वेळ, या तीन वेळा आधी ठरवा आणि पाळा. एवढं केलंत तर केबल्स जमून जातात.

आधी आकडे

योसेमिटी खोऱ्यातल्या हॅपी आइल्सपासून माथ्यापर्यंत जाऊन परत यायचं अंतर वाटेनुसार १४ ते १६ मैल, म्हणजे २३ ते २६ किलोमीटर. चढण ४,८०० फूट. माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ८,८०० फुटांच्या थोडी वर. पार्क सर्व्हिस १० ते १२ तास धरायला सांगते आणि तो अंदाज बरोबर आहे. गटात कोणी हळू चालणारं असेल तर १३-१४ तासही लागतात.

सह्याद्रीत फिरलेल्यांसाठी सांगायचं, तर बारी गावातून कळसूबाईला जितकं चढावं लागतं त्याच्या दीडपटीहून जास्त चढण इथे एका दिवसात होते. शिवाय ‘हरिहरच्या पायऱ्या चढलोय, हे काय’ असं म्हणू नका. आपल्या बेसॉल्टला लाव्हाच्या थरांमुळे पायऱ्या-पायऱ्यांचे टप्पे असतात, कुठेतरी खोबण सापडते, कपार सापडते. इथला ग्रॅनाइट कांद्याच्या पापुद्र्यासारखा थराथराने सुटतो. एक पापुद्रा निघाला की खाली तसाच गोल, सलग, गुळगुळीत कातळ. हाताला धरायला काही नाही. म्हणून तर तारा बसवाव्या लागल्या. ‘इथे माणसाचं पाऊल कधी पडणार नाही’ अशा अर्थाचं एका मोठ्या भूवैज्ञानिकाने लिहून ठेवलं होतं. १८७५ मध्ये जॉर्ज अँडरसन नावाच्या माणसाने कातळात भोकं पाडत, लोखंडी खिळे ठोकत माथा गाठला. आजच्या तारांची सुरुवात १९१९ची, सिएरा क्लब या निसर्गप्रेमी संस्थेने केलेली.

तारा वर्षभर उभ्या नसतात. साधारण मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी त्या खांबांवर चढवतात आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारनंतर उतरवतात. बर्फ जास्त असेल तर सुरुवात लांबते. तारा जमिनीवर पडलेल्या असताना जाणारे लोक असतात. तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर त्यांच्यात तुमचं काम नाही.

परमिट: इथेच निम्मे लोक गळतात

तारा उभ्या असताना सबडोमच्या पायथ्याच्या वर जायला प्रत्येकाचं परमिट लागतं. आठवड्याचा कुठलाही वार असो. दिवसाला जास्तीत जास्त ३०० माणसं सोडतात, त्यातली सुमारे २२५ एका दिवसात जाऊन येणारी आणि ७५ मुक्कामी. पायथ्याशी रेंजर (पार्कचा रक्षक) उभा असतो आणि तो खरंच तपासतो. परमिट नसताना वर जाणं हा गुन्हा आहे, ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये.

परमिट मिळतं रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर, लॉटरीने. लॉटरी दोन प्रकारची.

पहिली मोसमापूर्वीची. १ ते ३१ मार्चमध्ये अर्ज भरायचा, निकाल एप्रिलच्या मध्याला. एका अर्जात सहा जणांपर्यंत नावं आणि सात तारखांपर्यंत पसंती देता येते. महिनाभर मुदत असते आणि आधी भरलं म्हणून काही जास्त मिळत नाही, त्यामुळे घाई नको. पण सातही तारखा शनिवारच्या भरू नका. सगळं जग शनिवारच मागतं. मंगळवार-बुधवार घाला, एक दिवस सुट्टी टाका. त्याने शक्यता बरीच वाढते. ज्याचं नाव लीडर म्हणून, तो एकाच अर्जावर असला पाहिजे. तेच नाव दोन-चार अर्जांवर घालून चलाखी केली तर अर्ज बाद होतात.

दुसरी रोजची लॉटरी. ज्या दिवशी चढायचं त्याच्या दोन दिवस आधी, मध्यरात्रीपासून दुपारी ४ वाजेपर्यंत अर्ज भरायचा. शनिवारी जायचं तर गुरुवारी दुपारी ४च्या आत. निकाल त्याच दिवशी उशिरा कळतो. यात थोडीच परमिटं असतात, पण खोऱ्यात आधीच मुक्काम असेल तर रोज नशीब आजमावता येतं.

अर्जाचे १० डॉलर परत मिळत नाहीत. परमिट लागलं तर माणशी आणखी १० डॉलर. आणि सगळ्यात महत्त्वाचं: परमिटवर ज्याचं नाव लीडर किंवा पर्यायी लीडर म्हणून आहे, त्यांच्यापैकी एक जण ओळखपत्रासह गटात असलाच पाहिजे. परमिट विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. म्हणून पर्यायी लीडरचा रकाना रिकामा सोडू नका. लीडरला ऐन वेळी ताप आला की अख्ख्या गटाचा ट्रेक बुडतो. आणखी एक, फोनमध्ये परमिट आधीच उतरवून ठेवा, वर नेटवर्कचा भरवसा नाही.

लागलं नाही तर? क्लाउड्स रेस्टला जा. ९,९२६ फूट, म्हणजे हाफ डोमपेक्षा हजार फुटांहून उंच, आणि दिवसाच्या ट्रेकला परमिट लागत नाही. टायोगा रस्त्यावरच्या टेनाया तळ्यापासून वाट सुरू होते. माथ्याजवळची निमुळती धार लक्ष देऊन पार करावी लागते, पण वरून हाफ डोम पाठमोरा, खाली दिसतो. फोटोसाठी म्हणाल तर मला तोच देखावा जास्त आवडतो. हाफ डोमवर उभं राहिलं की हाफ डोम दिसत नाही ना!

पार्कमध्ये गाडी घेऊन शिरण्याचे नियम हा वेगळा विषय. काही वर्षी उन्हाळ्यात प्रवेशासाठीही आगाऊ आरक्षण लागलं आहे. शुल्कही बदलतं. निघण्याआधी पार्कच्या साइटवर एकदा बघाच, विशेषतः भारतातून पाहुणे येणार असतील तर.

दोन महिने आधीपासून

जिममधल्या ट्रेडमिलने ही तयारी होत नाही. चढ-उतार हवा, सलग हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहत असाल तर फ्रीमाँटचा मिशन पीक हा डोंगर आहेच. स्टॅनफर्ड अॅव्हेन्यूच्या बाजूने साधारण २,००० फूट चढण होते. एकाच दिवशी ते दोनदा, पाठीवर पूर्ण भरलेली सॅक घेऊन, तेही उन्हात करून बघा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं नाही तर तुम्ही तयार आहात. गटातल्या प्रत्येकाने हे करायचं. सहा जणांच्या गटात एकाचीच तयारी नसेल तर दिवस त्या एकाच्या चालीने जातो.

उंचीची भीती ज्यांना खरोखर आहे त्यांनी ती गटाला आधी सांगावी. लपवून वर नेऊ नये. केबल्सच्या मध्यावर ते कळणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त.

सॅकमध्ये

पाणी माणशी ४ लिटर. हे जास्त वाटतं आणि सगळे इथेच काटकसर करतात. नळाचं पाणी व्हर्नल फॉल या धबधब्याजवळच्या पुलापाशी शेवटचं मिळतं. ते सुरुवातीच्या पाऊण-एक मैलातच येतं. पुढे मर्सेड नदीचं पाणी फिल्टर करून घ्यावं लागतं आणि वाटेतली लिटल योसेमिटी व्हॅली सोडली की तेही भरवशाचं उरत नाही. म्हणजे सर्वांत कोरडा आणि उन्हाचा टप्पा तुमच्या पाठीवरच्या पाण्यावर काढायचा. दोन बाटल्या आणि एक छोटा फिल्टर असं धरलं तर ओझं थोडं कमी होतं. नदीवर पाणी भरायचं ते लिटल योसेमिटीत, जिथे प्रवाह संथ आहे. धबधब्यांच्या जवळ काठावर वाकू नका.

खायला आपलं घरचंच बरं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, खारे दाणे. घाम खूप जातो, तेव्हा नुसतं गोड नको. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. श्रीखंड-पुरी वगैरे बेत खाली आल्यावर.

बूट असे की ज्यांच्या तळव्याचे खाचे अजून शाबूत आहेत. झिजलेले रनिंग शूज त्या कातळावर घसरतात, कोरे करकरीत बूट पायाला फोड आणतात. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, तळव्याला रबरी थर असलेले. लोकरीचे चालत नाहीत, पोलादी तारेवर सरकतात. हेडटॉर्च प्रत्येकाकडे एक, कारण जाताना पहाटेचा अंधार नक्की आहे आणि येताना संध्याकाळचा असू शकतो. पातळ रेनकोट, टोपी, सनस्क्रीन, गोळे आल्यावर चोळायला काही, बस्स.

हार्नेस सक्तीचा नाही. घ्यायचाच तर दोन फांद्यांचा, धक्का शोषणारा व्हिया फेराटा संच (तारेला अडकवून चढायच्या दोऱ्या) घ्या. प्रत्येक खांबापाशी एक कॅराबिनर (उघडमिट होणारा धातूचा हुक) काढून पुढे लावायचा, मग दुसरा. एक कायम तारेत राहतो. एकच दोरी आणि एकच हुक असेल तर प्रत्येक खांबाला तुम्ही पूर्ण सुटे होता. घरी जिन्याच्या कठड्यावर हातमोजे घालून सराव करा, वर रांग अडवून नाही.

दिवसाची आखणी

पहाटे ५ला हॅपी आइल्स सोडायचं. ४ वाजता निघालात तर आणखी उत्तम. शटल बस त्या वेळी नसते, तेव्हा ट्रेलहेडच्या (वाट सुरू होते तिथल्या) पार्किंगपासून अर्धा-पाऊण मैल चालायचं गृहीत धरा. गाडीत खाण्याचं काही ठेवू नका. च्युइंग गम, लिप बाम, मुलांच्या सीटखाली सांडलेली बिस्किटं, सगळं त्यात आलं. अस्वलं काच फोडतात, दार वाकवतात. पार्किंगजवळ लोखंडी लॉकर असतात, त्यात ठेवा.

पहिला टप्पा मिस्ट ट्रेल. ग्रॅनाइटच्या सहाशेवर पायऱ्या, बाजूला ३१७ फुटांचा व्हर्नल फॉल. मे-जूनमध्ये तुषारांनी अक्षरशः न्हाऊन निघता. पावसाळ्यात ट्रेक केलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल आणि तोच धोका आहे. ओल्या कातळावर वेग घेऊ नका. मोजे भिजले तर वर बदला, पुढे १२ मैल ओले पाय परवडत नाहीत. धबधब्याच्या माथ्यावर कठडा आहे. त्या कठड्यापलीकडे, वरच्या एमराल्ड पूल नावाच्या डोहात किंवा सिल्व्हर एप्रनच्या घसरगुंडीसारख्या कातळावर पाऊल टाकायचं नाही. पाणी संथ दिसतं, असतं मात्र नाही. २०११च्या जुलैमध्ये कठडा ओलांडलेले तीन जण इथून वाहून गेले.

(आई-बाबा सोबत आले असतील तर त्यांची सहल व्हर्नल फॉलच्या पुलापर्यंत. दिसतो छान, बाकं आहेत, शौचालय आहे. दिवस उजाडल्यावर शटलने आरामात यावं.)

पुढे ५९४ फुटांचा नेवाडा फॉल. त्याच्या माथ्यावर ७:३०-८च्या सुमारास पोचलात तर वेळ बरोबर आहे. नीट खा. नंतर लिटल योसेमिटी व्हॅलीचा सपाट, रेताड पट्टा येतो. सुरुवातीपासून साडेचार मैलांच्या आसपास. इथे पाणी भरा, शौचालय वापरा, यापुढे नाही. मग जंगलातली लांबलचक, कंटाळवाणी चढण. या भागाचे फोटो कोणी टाकत नाही आणि माणसं दमतात ती इथेच. जॉन म्यूर ट्रेल सोडून उजवीकडे न जाता हाफ डोमची पाटी बघून डावीकडे वळायचं. तिथून माथा दोन मैल.

आता मागे फिरायची वेळ. दुपारी १२ वाजता सबडोमच्या पायथ्याशी नसाल तर परत फिरा. आणि घड्याळ काहीही सांगो, ढग जमायला लागले तर सबडोमवर पाऊलही ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये सिएरा नेवाडाच्या या डोंगररांगेत दुपारचा गडगडाट नवा नाही. उघड्या घुमटावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही, आणि हातात शेकडो फूट पोलाद. १९८५मध्ये माथ्यावर वीज पडून दोन जण गेले. वीज नाही पडली तरी पाऊस पुरेसा आहे. ओला झाला की हा ग्रॅनाइट पाय धरतच नाही. २०२४च्या जुलैमध्ये अचानक आलेल्या वादळात केबल्स उतरताना २० वर्षांची एक मुलगी घसरून गेली. ‘एवढं आलोय तर’ हे वाक्य गटात कोणी उच्चारलं की समजा, निर्णय चुकायला सुरुवात झाली.

सबडोम आणि केबल्स

सबडोम म्हणजे मुख्य घुमटाच्या आधीचा खांदा. दगडी पायऱ्यांचे उभे वळसे, कठडा नाही, वर वर तर पायऱ्याही संपतात आणि नुसता कातळ राहतो. अनेकांना केबल्सपेक्षा हाच टप्पा जड जातो, कारण याबद्दल कोणी सांगितलेलं नसतं. इथे घाबरायला झालं तर तिथेच थांबणं शहाणपणाचं, पुढचा भाग याहून सोपा नाही.

सबडोम उतरून खिंडीत आलं की समोर केबल्स. लांबून त्या जवळजवळ उभ्या वाटतात. पायथ्याशी गेलं की चढ थोडा कमी दिसतो, तरी मध्यावर तो ४५ अंशांच्या आसपास आहेच. कमरेच्या उंचीवर दोन तारा, साधारण दर दहा फुटांवर खांबांची जोडी आणि खांबांच्या पायाशी आडवी लाकडी फळी. ट्रेकिंग पोल्स सॅकला घट्ट बांधा. गळ्यातला कॅमेरा, बाजूच्या खिशातली बाटली, काहीही सुटं नको. तिथून निसटलेली बाटली खालच्या माणसाच्या डोक्याकडेच जाते. सॅक खाली ठेवून जायचा मोह होतो, पण खारी आणि मार्मट ती कुरतडून आतलं खातात.

चढायची पद्धत साधी आहे. दोन्ही हात दोन तारांवर, बुटाचा तळवा पूर्ण टेकलेला, टाचा उचलायच्या नाहीत. बूट जितका जास्त कातळावर टेकेल तितकी पकड. हातांनी स्वतःला ओढत नेलं तर निम्म्यात दंड भरून येतात. जोर पायांचा, हात फक्त तोल सांभाळायला. एका फळीवरून निघालात की पुढच्या फळीपर्यंत न थांबता जायचं आणि फळीवर उभं राहून श्वास घ्यायचा. तारांमधला कातळ हजारो बुटांनी घासून चकचकीत झाला आहे. उजेडात त्याची चमक दिसते, तिथे पाऊल जरा बाजूला टाका. पकड तारेची, खांबाची नाही. खांब भोकात उभे केलेले असतात, त्याला लटकायचं नाही.

चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेने जातात. समोरून कोणी आलं की एकाने फळीवर एका तारेला चिकटून उभं राहायचं, दुसऱ्याने दुसऱ्या तारेने जायचं. घाईने तारांच्या बाहेरून जाणारे दिसतात. त्यांचं बघून तसं करू नका. कोणी जोरात तार ओढली की तिचा हिसका तुमच्या तळव्यात येतो, पहिल्यांदा पोटात गोळा येतो, मग सवय होते.

गटातलं कोणी मध्येच भीतीने गोठलं तर लांबचं बोलू नका. ‘थोडंच राहिलंय’ हे तर मुळीच नको, ते त्यांना दिसतंय. ‘मावशी, खाली बघू नका. ती पुढची फळी दिसतेय ना? तिथे जाऊ, मग मिनिटभर थांबू. मी मागेच आहे.’ एवढंच, प्रत्येक फळीला पुन्हा. दोन-तीन फळ्यांनंतरही पाय मोकळे झाले नाहीत तर सावकाश खाली आणा. त्यांना दोष देऊ नका आणि ‘तुम्ही जा, मी इथे थांबते’ हेही केबल्सवर ऐकू नका.

माथा आणि उतार

माथा प्रशस्त आहे, सपाट आहे, गर्दी असूनही जागा मिळते. खाली अख्खं खोरं, पलीकडे एल कॅपिटन, मागे क्लाउड्स रेस्ट. वायव्येकडची कड मात्र तुटलेली आहे, पुढे आलेल्या सुळक्यावर फोटोसाठी रांग लागते. काठाजवळ बसूनच राहा, उड्या मारू नका. मुक्कामाला बंदी आहे. अर्धा-पाऊण तास पुरे. निम्मा दिवस अजून बाकी आहे.

केबल्स उतरताना तोंड कातळाकडे ठेवून पाठीमागे उतरणं बहुतेकांना सोपं जातं. चढ कमी झाला की वळा. हातमोजे खाली टाकून येऊ नका, ‘पुढच्याला उपयोगी पडतील’ म्हणून ढीग होतो आणि तो शेवटी रेंजरलाच वाहून न्यावा लागतो.

परतीला नेवाडा फॉलपासून मिस्ट ट्रेल घेऊ नका, जॉन म्यूर ट्रेलने उतरा. मैलभराहून थोडं जास्त चालणं होतं, पण ओल्या पायऱ्यांवर थकलेले गुडघे आपटत उतरण्यापेक्षा वळणावळणाची वाट केव्हाही बरी. दर तासाला थोडं खा, भूक नसली तरी. वाटेत पाय मुरगळण्याचे प्रकार याच टप्प्यात होतात, गप्पा मारत, मन आधीच गाडीत पोचलेलं असताना.

आणि त्याच रात्री गाडी चालवत सॅन होजे-फ्रीमाँट गाठायचा बेत करू नका. चार तासांचा रस्ता, सुरुवातीला डोंगरातला, आणि पहाटे तीनपासून जागा ड्रायव्हर. एल पोर्टल, मारिपोसा किंवा ग्रोव्हलंडला खोली आधीच ठरवून ठेवा. उन्हाळ्यात ऐन वेळी मिळत नाही, म्हणून परमिट लागल्याचा मेल आला की त्याच दिवशी हे बुकिंग उरकून टाका.